एलसी, बँक हमी आणि स्विफ्ट संदेश : गोव्यातले व्यापारी नेहमी विचारतात ते प्रश्न

वास्कोतल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात मी बरीच वर्षं निर्यातीची कागदपत्रं तपासली. आता फोंडा, डिचोली, कुंकळ्ळी भागातल्या छोट्या निर्यातदारांना तीच कागदपत्रं तयार करायला मदत करतो. समोरच्या खुर्चीवर बसून लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट : ठरलेली कागदपत्रं बरोबर दिली तर पैसे देऊ, असा परदेशी गिऱ्हाइकाच्या बँकेने तुम्हाला दिलेला शब्द. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे लोकांचे पैसे अडकलेले पाहिले, तिथे मी जास्त थांबलो आहे.

स्विफ्टमधून पैसे जातात का?

नाही, स्विफ्टमधून फक्त निरोप जातो. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून बेल्जियममध्ये ही सहकारी संस्था काढली आणि १९७७ साली तिचं जाळं सुरू झालं. ब्रुसेल्सजवळच्या ला हुल्पमध्ये तिचं मुख्यालय आहे. आज दोनशेहून जास्त देशांतल्या अकरा हजारांहून अधिक संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. पैसे सरकतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांत. आपल्या बँकेचं न्यूयॉर्कमधल्या बँकेत डॉलरचं खातं असतं, त्याला नोस्ट्रो म्हणतात. निरोप येतो की अमुक रक्कम जमा केली. मग इथे तुमच्या खात्यात रुपये पडतात.

हा फरक मनात पक्का ठेवा. पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

संदेश खरोखर त्याच बँकेने पाठवला, हे आपल्या बँकेला कसं कळतं?

जपानला खनिज जायचं त्या काळात हे काम टेलेक्सवर चालायचं. दोन बँकांकडे एक गुप्त तक्ता असायचा. तारीख, रक्कम आणि चलन यांवरून कारकून एक आकडा काढायचा, त्याला टेस्ट की म्हणत. पलीकडच्या कारकुनाने तोच आकडा काढून जुळवला की संदेश खरा. जुळला नाही तर पुन्हा टेलेक्स.

आज तेच काम यंत्र करतं, आणि कितीतरी काटेकोरपणे. प्रत्येक बँकेला ओळखीचा कोड असतो, त्याला बिक म्हणतात. तो आठ किंवा अकरा चिन्हांचा असतो : पहिली चार बँकेची, पुढची दोन देशाची, मग दोन ठिकाणाची आणि शेवटची तीन शाखेची. संदेशावर बँकेची डिजिटल सही असते. त्या सहीची किल्ली वेगळ्या सुरक्षित उपकरणात ठेवलेली असते. वाटेत एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो, त्यामुळे एखादा गाळला गेला किंवा दोनदा आला तर लक्षात येतं.

शिवाय दोन बँकांनी आधी एकमेकींना ‘तुमचे संदेश आम्ही घेऊ’ अशी परवानगी द्यावी लागते. तिला आरएमए म्हणतात. गिऱ्हाईक मोठ्या उत्साहाने सांगतो, ‘आमच्या बँकेतून एलसी निघाली’, आणि आपल्याकडे आठवडाभर काही पोचत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. दोन बँकांत थेट परवानगी नसते, म्हणून संदेश तिसऱ्या बँकेमार्फत फिरून येतो. घाबरू नका, पण मधली बँक कोणती ते विचारून घ्या.

एमटी ७००, ७६०, ७९९ हे आकडे काय आहेत?

संदेशाचे प्रकार. एमटी ७०० म्हणजे एलसी, म्हणजेच पतपत्र. त्यात जास्तीत जास्त दहा हजार अक्षरं बसतात, उरलेला मजकूर एमटी ७०१ मध्ये येतो. एलसीत बदल करायचा तर एमटी ७०७. कागदपत्रं नाकारल्याची सूचना एमटी ७३४ मधून येते. बँक हमी किंवा हमीसारखी वापरली जाणारी स्टँडबाय एलसी एमटी ७६० मधून निघते आणि तिच्यातला बदल एमटी ७६७ मधून.

एमटी ७९९ हा मोकळा मजकूर असतो. तो खऱ्या बँकेकडून सहीनिशी येतो, पण पोस्टकार्डासारखा. ‘आमचा ग्राहक चांगला आहे’ असं त्यात लिहिलं, म्हणून बँक काही देणं लागत नाही. एमटी ९९९ ला तर ती सहीसुद्धा नसते.

गिऱ्हाइकाने एलसीची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली आहे. माल भरू का?

नको. तो मसुदा आहे किंवा नुसतं चित्र आहे. एलसी तुमच्यापर्यंत यायचा रस्ता एकच : तुमच्याकडची अॅडव्हायझिंग बँक. संदेश खरा आहे याची खातरजमा करून ती आपल्या पत्रासोबत एलसी तुम्हाला देते, आणि ही खातरजमा ही तिची जबाबदारीच आहे. बहुतेक बँकांत हे काम आता मध्यवर्ती कक्षात चालतं, म्हणून म्हापशाच्या शाखेतल्या अधिकाऱ्याला तुमच्या एलसीबद्दल काहीच माहीत नसणं शक्य आहे. कोणत्या कक्षाकडे संदेश येणार, त्याचा बिक कोड शाखेकडून लेखी घ्या आणि गिऱ्हाइकाला तोच कळवा.

पीडीएफचा एक उपयोग मात्र आहे. एलसी उघडण्याआधी ती मसुदा म्हणून वाचता येते. चूक तेव्हाच दाखवली तर फुकटात दुरुस्त होते.

एलसी हातात आली म्हणजे पैसे नक्की ना?

कागदपत्रं बरोबर असली तर नक्की. माल उत्तम असून भागत नाही, कागद बरोबर लागतो.

एलसी ज्या नियमांखाली चालते त्यांना यूसीपी ६०० म्हणतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत आणि त्यांत ३९ कलमं आहेत. पाचवं कलम सांगतं की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. तुमचा काजूगर पांढराशुभ्र असेल, गिऱ्हाईक खूश असेल, तरी बँक फक्त कागद बघणार. आणि उलटही खरं : गिऱ्हाइकाचा विचार बदलला, बाजार पडला, तरी कागद जुळत असतील तर त्याच्या बँकेला पैसे द्यावेच लागतात. एलसीचं सगळं बळ यातच आहे. बँकेने आपला शब्द गिऱ्हाइकाच्या मर्जीपासून वेगळा काढून तुमच्या हातात दिलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. फोंड्याजवळचा एक काजू कारखाना. डब्ल्यू ३२० प्रतीचा एक कंटेनर, एलसीत जहाजावर माल चढवायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. कंटेनर चार दिवस आधी ट्रकवर चढला, मालकांनी पेढे वाटले. पण न्हावा शेवाहून जहाज सुटलं २ डिसेंबरला आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीवर, तीच तारीख पडली. ट्रक केव्हा निघाला हे बँक विचारत नाही. कागदपत्रं नाकारली गेली. तेवढ्यात भाव उतरला होता, गिऱ्हाइकाने सूट मागितली आणि मालकांनी ती दिली, कारण माल समुद्रावर होता. एलसीची तारीख वाढवून घेणारी एक ईमेल नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेली असती तर हे टळलं असतं. ती ईमेल मीही सुचवली नव्हती. ते मी विसरलेलो नाही.

मग एलसी आल्यावर आधी काय वाचू?

ज्या दिवशी येईल त्याच दिवशी, चहा बाजूला ठेवून, एलसीच्या संदेशातली ही क्रमांकांची घरं वाचा.

३१डी मध्ये मुदत आणि ती कुठे संपते ते ठिकाण असतं. ठिकाण भारत असेल तर इथल्या बँकेत कागद दिले की वेळेत. ठिकाण हॅम्बुर्ग असेल तर त्या तारखेला कागद हॅम्बुर्गमध्ये पोचलेले हवेत, कुरिअरला उशीर झाला तर तो तुमच्या माथी. शक्य तिथे भारतच लिहून घ्या.

४४सी मध्ये माल चढवायची शेवटची तारीख. जहाजाचं वेळापत्रक समोर ठेवून ती बघा. ४८ मध्ये माल चढल्यानंतर किती दिवसांत कागद द्यायचे ते असतं. काहीच लिहिलं नसेल तर नियमाने २१ दिवस मिळतात. ही तारीख आणि ३१डी मधली मुदत, यांपैकी जी आधी येईल ती तुमची.

४५ए मध्ये मालाचं वर्णन. इन्व्हॉइसवर ते एलसीशी जुळलंच पाहिजे. आपल्या नेहमीच्या सवयीने ‘सुधारून’ लिहू नका, एलसीतला शब्द चुकीचा वाटला तर तोच एमटी ७०७ ने बदलून घ्या. बाकीच्या कागदांवर वर्णन मोघम चालतं, फक्त विसंगत नको.

४६ए हे खरं रणांगण : कोणकोणती कागदपत्रं, किती प्रती, कोणाच्या सहीची. यातलं एखादं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाच्या माणसाने सही करून द्यायचं असेल तर तिथेच थांबा. त्याने सही केली नाही तर तुमची एलसी कोरा कागद आहे. असं कलम काढायला लावा, गिऱ्हाईक कितीही जुना असला तरी.

३९ए मध्ये रकमेत किती टक्के कमी-जास्त चालेल ते असतं. खनिजासारख्या सुट्या मालाला, एलसीत नग किंवा पोत्यांची संख्या नसेल आणि एकूण रक्कम ओलांडली जात नसेल, तर मालाच्या प्रमाणात पाच टक्के कमी-जास्त नियमानेच चालतं. काजूच्या डब्यांना ती सवलत नाही.

आणि एक : तुमच्या संमतीशिवाय एलसी बदलता येत नाही. न पटणारी दुरुस्ती आली तर लेखी नकार द्या. अर्धी मान्य, अर्धी अमान्य असं मात्र चालत नाही.

बंदराचं नाव चुकीचं लिहिलंय. एवढ्यावरून अडतं का?

मुरगावच्या बाबतीत हा प्रश्न जुना आहे. पोर्तुगीज काळापासून इंग्रजी कागदांवर हे नाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं : मोर्मुगाव, मार्मागाव, मार्मागोवा. शहाणा तपासनीस अडवणार नाही. पण पलीकडच्या बँकेत बसलेल्या माणसाने गोवा नकाशावरही पाहिलेला नसतो. त्याच्या मर्जीवर कशाला राहायचं? ४४ई या घरात ‘एनी इंडियन पोर्ट’ लिहून घ्या. कंटेनर आयत्या वेळी न्हावा शेवाला वळवावा लागला तरी तुम्ही सुरक्षित.

शेवटची तारीख ३ डिसेंबर आहे आणि त्या दिवशी गोव्यात सुट्टी. काय करायचं?

सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, चवथ : बँका बंद. कागद देण्याची मुदत बँकेच्या सुट्टीवर पडली तर ती पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत आपोआप वाढते. बँकेला तसं आपल्या पत्रात नमूद करावं लागतं, ते करून घ्या. पण माल चढवायची तारीख सुट्टीमुळे वाढत नाही, एक दिवसही नाही. आणि मुदतीचं ठिकाण हॅम्बुर्ग असेल तर गोव्यातल्या फेस्ताशी कोणाला देणंघेणं नाही.

बँकेने कागदपत्रं नाकारली तर?

प्रत्येक बँकेला तपासायला कागद मिळाल्यानंतरचे पाच कामकाजाचे दिवस मिळतात. नकार द्यायचा तर तेवढ्यातच, सगळ्या चुका एकदाच सांगून. आज एक डिस्क्रेपन्सी, पुढच्या आठवड्यात दुसरी, असं करायचा हक्क तिला नाही. तुमच्या बँकेला हे कलम १६ दाखवायला लाजू नका.

एलसी ‘कन्फर्म’ करून घ्यावी का?

गिऱ्हाइकाची बँक किंवा देश डळमळीत वाटला तर होय. मग दुसरी एखादी भक्कम बँक स्वतःचाही शब्द त्यात घालते आणि पैसे तिच्याकडूनच मागता येतात. घर ४९ मध्ये ते दिसतं. खर्च कोणाचा ते आधी ठरवा. कन्फर्मेशन महाग पडत असेल तर १९५७ पासून काम करणाऱ्या ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीचं विमासंरक्षण विचारा.

आमच्या जमिनीवर रिसॉर्टसाठी परदेशी निधी मिळतोय. मध्यस्थ म्हणतो, आधी एमटी ७९९ येईल, मग एमटी ७६०. फक्त आगाऊ शुल्क भरायचंय.

भरू नका. हे वाक्य मी हात जोडून लिहितो आहे.

गोव्यात जमिनीला भाव आला तसे हे लोकही वाढले. हॉटेलच्या लॉबीत भेटतात, कागदावर मोठ्या युरोपीय बँकेचं नाव असतं आणि तोंडात सारखे हेच आकडे. म्हणतात, एसबीएलसी, म्हणजे स्टँडबाय एलसी, ‘भाड्याने’ मिळते, ती ‘मॉनेटाइझ’ करून रोख पैसे काढता येतात. बँकेची हमी भाड्याने मिळणारी वस्तू नाही. हमी देणारी बँक स्वतःच्या ग्राहकाची पत बघते, तारण घेते आणि एखाद्या ठरावीक कराराच्या पाठी उभी राहते : ठेकेदाराने काम पुरं केलं नाही तर, आगाऊ रक्कम परत केली नाही तर. अशा व्यवहाराशिवायची हमी कोणतीही शहाणी बँक अनोळखी माणसासाठी काढत नाही.

त्यांची खेळी साधी आहे. दहा कोटी डॉलरचं चित्र दाखवायचं आणि ‘स्विफ्ट चार्जेस’ म्हणून काही लाख उकळायचे. मग एमटी ७९९ च्या नावाने एक छापील कागद दाखवतात. वर सांगितलंच आहे : तो खरा असला तरी त्यात देण्याचं वचन नसतं, आणि इथे तर तो खराही नसतो. तपासायचा मार्ग एकच. तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागाला विचारा, असा संदेश आमच्या नावाने तुमच्याकडे आला आहे का? मध्यस्थाने दिलेल्या नंबरवर ‘परदेशी बँक अधिकाऱ्या’शी बोलून तपासलं, याला तपासणं म्हणत नाहीत. परदेशातून स्वस्त निधी देऊ करणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं सांगते आहे. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. लाज वाटून गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या गप्प बसण्याने दुसरी घरं बुडाली.

पर्यटनाच्या एजंटने पैसे पाठवल्याची ‘स्विफ्ट कॉपी’ पाठवली, खात्यात पैसे नाहीत. हॉटेलच्या खोल्या देऊ का?

खात्यात जमा होईपर्यंत नको. कॉपी हा कागद आहे आणि तो कोणालाही बनवता येतो. खऱ्या रकमेच्या संदेशाला यूईटीआर नावाचा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो, कुरिअरच्या पावतीसारखा. तो बँकेला द्या, रक्कम कुठे आहे ते तिला बघता येतं. हेच तारवटी मंडळींच्या घरच्यांनाही सांगतो. जहाजावरून पाठवलेल्या पगारातून मधल्या बँकेने शुल्क कापलं असेल तर पाठवताना शुल्काचा पर्याय ‘अवर’ निवडायला सांगा, म्हणजे खर्च पाठवणाऱ्याकडे राहतो.

इतकं सुरक्षित आहे तर घोटाळे कसे झाले?

जाळं फुटलं नाही, त्याच्या दारातली माणसं आणि संगणक फुटले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत चोर शिरले आणि तिथूनच न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला पैसे पाठवण्याचे ३५ संदेश गेले. एकूण सुमारे ९५ कोटी डॉलर. बहुतेक अडले, पण ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी सुटले ते ‘फाउंडेशन’ या शब्दाच्या चुकलेल्या स्पेलिंगमुळे. कागदावरचं एक अक्षर किती मोलाचं असतं, ते असं.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. २०१८ मध्ये उघड झालं की पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतून एलओयू (लेटर ऑफ अंडरटेकिंग) नावाची हमीची पत्रं स्विफ्टवर जात होती, पण बँकेच्या मूळ हिशेबप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. पलीकडच्या बँकांना संदेश खरा दिसत होता, आणि तो खराच होता. मग रिझर्व्ह बँकेने स्विफ्ट आणि हिशेबप्रणाली जोडायला लावली आणि १३ मार्च २०१८ ला आयातीसाठीची एलओयू पद्धत बंद केली. एलसी आणि बँक हमी चालू आहेत. तुमची एलसी उघडताना बँक आता जे चार जास्तीचे कागद मागते, त्याचा राग धरू नका.

रशियन पर्यटक गटाचे पैसे स्विफ्टने का येत नाहीत?

मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या निर्णयाने सात रशियन बँका या जाळ्यातून काढल्या गेल्या, नंतर आणखी काही. स्विफ्ट बेल्जियमच्या कायद्याखाली आहे, त्यामुळे तिला ते मानावं लागतं. जुलै २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रुपयातल्या खास व्होस्ट्रो खात्यांची, म्हणजे परदेशी बँकेने आपल्या बँकेत उघडलेल्या खात्यांची, सोय केली आहे. तुमच्या बँकेकडे ती आहे का ते विचारा. तिऱ्हाईत देशातल्या अनोळखी कंपनीच्या खात्यातून पैसे घेऊ नका.

एमटी संदेश बंद झाले असं ऐकलं.

पैसे पाठवण्याचे बदलले. एमटी १०३ ची जागा आयएसओ २००२२ या नव्या संदेशपद्धतीतल्या पॅक्स ००८ या संदेशाने घेतली, दोन्ही एकत्र चालण्याचा काळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. एलसी आणि हमीचे सातशे मालिकेतले संदेश एमटीतच राहिले.

मी निर्यातदार नाही, आफ्रिकेतून कच्चा काजू मागवतो. एलसी मी उघडली, तर खराब बियांपासून बँक मला वाचवेल का?

वाचवणार नाही. बेनिन किंवा आयव्हरी कोस्टहून आलेली पोती फोडल्यावर निम्म्या बिया काळ्या निघाल्या तरी कागद जुळत असतील तर तुमची बँक पैसे देणारच. म्हणून संरक्षण एलसी उघडण्याच्या अर्जातच लिहावं लागतं. ४६ए मध्ये स्वतंत्र तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा, आणि नुसतं ‘प्रमाणपत्र’ नव्हे : ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो, किलोला किती बिया, ओलावा किती, हे तिन्ही आकडे ठरवलेल्या मर्यादेत असल्याचं त्यात लिहिलेलं हवं. मर्यादा आकड्यात लिहा, ‘चांगल्या प्रतीचा’ हा शब्द बँकेला तपासता येत नाही. तपासणी माल चढवताना झाली पाहिजे, महिनाभर आधी गोदामात नव्हे. अर्जाची प्रत बँकेला देण्याआधी बियांची पारख असलेल्या तुमच्या कारखान्यातल्या माणसाकडून ती वाचून घ्या.